शेवटच्या पाड्यापासून सुरुवात कर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझी नेमणूक धडगावला झाली, गावोगावी इंटरनेट पोचवायचं काम तुझ्याकडे आलं, हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणूनच लगेच लिहायला बसलो.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. पुढे रेशनलाही अंगठा आला. रेंज मात्र सगळीकडे आली नाही. सातपुड्यातल्या एका पाड्यावर रेशन दुकानदार अंगठा घेणारं ई-पॉस मशीन घेऊन रेंजसाठी टेकडीवर चढला होता आणि रिकाम्या पिशव्या घेऊन बाया त्याच्या मागे. एका आजीच्या बोटाच्या रेघा राबून झिजलेल्या. तीनदा अंगठा लागला नाही. चौथ्यांदा लागला तोवर रेंज गेली. ती काही न बोलता दगडावर बसून राहिली.

त्याच गावाच्या पंचायतीत इंटरनेटची फायबर केबल आलेली होती. काम पूर्ण, बिल निघालेलं. खोलीला कुलूप आणि आतल्या पेटीची बॅटरी उतरलेली. पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही माझी होती. ती आजी अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

केबल किती किलोमीटर टाकली हे मोजमाप पुस्तिकेत येतं. महिन्यातले किती दिवस लाइन चालू होती, हेही तू लिहीत जा. सेवा सहा महिने नीट चालल्याशिवाय शेवटचं बिल नाही, ही अट निविदेतच घालून घे. कार्यारंभ आदेश निघाल्यावर कुणी ऐकत नाही. बॅटरी, सोलर, दुरुस्तीला येणारा माणूस, सगळं अंदाजपत्रकात धर.

जिल्ह्याच्या सरासरीवर विसंबू नकोस. शहादा-तळोद्याचा ऊस-केळीचा सपाट मुलूख आणि अक्राणीचे, म्हणजे तुझ्या धडगाव तालुक्याचे, डोंगर एकाच आकड्यात घातले की डोंगर दिसेनासे होतात. नंदुरबार २०१८ पासून आकांक्षित जिल्हा, म्हणजे केंद्राच्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आहे, तेव्हा आकडे तुला सतत मागितले जातील. टक्केवारी लवकर वाढावी म्हणून सगळे आधी सपाटीची गावं उरकतात. तू अवघड पाडे पहिल्या वर्षात घे.

सामान मेअखेर वर चढव, पावसात घाटात दरडी येतात. आणि ग्रामसभा दिवाळीनंतर लगेच ठेवू नकोस. कितीतरी घरं तेव्हा ऊसतोडीला गुजरातेत असतात. होळीला माणसं परततात. तेव्हा ठेव, आणि पावरी, म्हणजे इथल्या पाड्यांवरची बोली, बोलणारं कुणीतरी सोबत ने.

तुझा,
आबा