चिकन आणि भाज्यांचा दाट स्टू घरी कसा करायचा? माझा दरवेळी पाणचट का होतो? बटाटा-गाजराचा लगदा होतो आणि चिकन मात्र चोथ्यासारखं लागतं. चिकन जरा परतून सगळं एकदम कुकरमध्ये, तीन शिट्ट्या, शेवटी कॉर्नफ्लॉवर, अशी माझी कृती आहे.

तुमच्या तक्रारी तीन आहेत: रस पाणचट, बटाटा-गाजराचा लगदा आणि चिकन मात्र चोथ्यासारखं. कृती तुम्ही एका ओळीत दिली आहे: सगळं एकदम कुकरमध्ये, तीन शिट्ट्या, शेवटी कॉर्नफ्लॉवर. तिन्ही तक्रारी त्या ओळीतूनच आल्या आहेत, त्यामुळे साहित्य फारसं बदलायची गरज नाही. क्रम बदला आणि कुकर बाजूला ठेवा.

आपल्या रश्शात वाटण असतं. भाजलेलं खोबरं, कांदा, गरम मसाला यांनी चवही येते आणि दाटपणाही. चिकन नुसतं उकडलेलं असलं तरी वाटण सांभाळून घेतं. स्टूमध्ये वाटणच नाही, म्हणून चव काढायची ती चिकन परतताना तळाला धरणाऱ्या तांबूस थरातून, हाडांतून आणि नीट परतलेल्या कांद्यातून. हे चुकलं की हाती येतं ते आजाऱ्याचं सूप. मी इथे सांगतोय तो युरोपीय धाटणीचा, मैद्यावर दाट केलेला, पावाबरोबर खायचा स्टू. केरळचा नारळाच्या दुधातला इश्टू हा वेगळा पदार्थ आहे, त्याची कृती यात मिसळू नका.

चार जणांसाठी हाडासकट तंगड्या आणि मांड्या घ्या, साधारण 900 ग्रॅम ते 1 किलो. दुकानात ‘करी कट’ म्हणू नका. त्यात छातीचे, पाठीचे, मानेचे बारके तुकडे एकत्र येतात, निम्मे लवकर शिजून कोरडे पडतात आणि हाडांच्या कपच्या रसात सुटतात. ‘चार फुल लेग, सांध्यावर दोन तुकडे’ असं सांगितलं की आठ मोठे तुकडे मिळतात. त्याच वेळी पाठीची हाडं, माना आणि पाय मागून घ्या, अर्धा किलो तरी. बहुतेक दुकानदार ते अगदी स्वस्तात देतात.

आधी स्टॉक करून ठेवा. ही हाडं, एक कांदा चार फोडी करून, गाजराची टोकं, कोथिंबिरीच्या काड्या, दहा मिरी आणि दीड लिटर पाणी. इथे कुकर चालतो: एक शिट्टी झाली की आच बारीक करून 30 मिनिटं, मग गाळून घ्या. मीठ घालायचं नाही. साधारण 900 मिली हवा, जास्त निघाला तर उरलेला डब्यात गोठवून ठेवा. बाजारातली स्टॉकची वडी वापरलीत तर पुढचं मीठ निम्मं करा, कारण त्या वडीत मीठच सगळ्यात जास्त असतं.

बाकीचं साहित्य: मध्यम कांदे 2, लसूण 6 पाकळ्या, गाजरं 3 (250 ग्रॅम), बटाटे 3 (400 ग्रॅम), फरसबी 100 ग्रॅम, मटार अर्धी वाटी. सेलरी मिळाली तर दोन दांडे, नाहीतर कांद्याच्या पातीचा पांढरा भाग. मैदा 3 टेबलस्पून भरून (30 ग्रॅम), लोणी 2 टेबलस्पून, तेल 2 टेबलस्पून, टोमॅटो पेस्ट 1 टेबलस्पून, तमालपत्र 1, थाइम (युरोपीय स्वयंपाकातला सुगंधी पाला) अर्धा टीस्पून.

शेवटच्या दोन वस्तूंबद्दल थोडं सांगायला हवं. परदेशी कृतींमध्ये जे ‘बे लीफ’ असतं ते आपलं तमालपत्र नव्हे. आपल्या पानाला देठापासून टोकापर्यंत तीन ठळक शिरा असतात आणि वास दालचिनीकडे झुकणारा असतो. त्यांच्या पानाला मधोमध एकच शीर असते. आपलं चालतं, पण एकच घाला, दोन-तीन घातलीत की पुलावाचा वास यायला लागतो. थाइम नसेल तर कुंडीतल्या ओव्याचं एक जाड पान ठेचून घाला किंवा ओवा दोन बोटांच्या चिमटीत येईल एवढाच. थाइम आणि ओवा या दोन्हींत थायमॉल हे एकच सुगंधी द्रव्य असतं, म्हणून वास जुळतो. मात्र हात सैल सुटला तर ओव्याचा काढा होतो.

भाजीतही निवड आहे. बटाटा नवा, पातळ सालीचा घ्या, तो आकार धरून राहतो. जुना पिठूळ बटाटा कडेने झिजत रसात विरघळतो. हिवाळ्यात मिळणारं लालबुंद गाजर हलव्याला उत्तम, पण इथे ते रंग सोडतं आणि लवकर मऊ पडतं. नारिंगी गाजर घ्या. नवलकोल मिळाला तर जरूर घाला, स्टूमध्ये तो बटाट्याहून रुचकर लागतो असं माझं ठाम मत आहे.

आता चिकन. धुवायचं असेल तर धुवा, पण मग चाळणीत निथळू द्या आणि प्रत्येक तुकडा कागदी टॉवेलने टिपून कोरडा करा. 2 टीस्पून बारीक मीठ आणि अर्धा टीस्पून मिरपूड चोळून अर्धा तास ठेवा. मिठाने पुन्हा पाणी सुटेल, तेही टिपा. एवढा आटापिटा अशासाठी की ओलं चिकन तांबूस होत नाही. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तिथलं तापमान 100 अंशांच्या वर जातच नाही, आणि खरपूस रंग-चव यायला साधारण 140 अंशांच्या पुढे जावं लागतं. तुम्ही परतता म्हणता, पण पातेल्यात ‘चर्र’ होण्याऐवजी ‘बुडबुड’ होत असेल तर ते परतणं नाही, उकडणं आहे.

जाड बुडाचं स्टीलचं किंवा बिडाचं पातेलं घ्या. नॉनस्टिकला तळाशी थर धरत नाही आणि आपल्याला तोच थर हवा आहे. तेल चांगलं तापलं की तुकडे एकमेकांना न चिकटता ठेवा. एका वेळी चारच. ठेवल्यावर चार मिनिटं हात लावू नका. तुकडा उचलताना तळाला धरून बसला असेल तर तो अजून झालेला नाही. नीट तांबूस झाला की आपोआप सुटतो. उलटून तीन मिनिटं, मग ताटात काढा. आतून कच्चं असेल, असू द्या. दुसरा घाणा काढा. मधेच तळ काळा पडायला लागला तर आच लगेच कमी करा. तपकिरी थर हा सोनं आहे, काळा थर कडू. तो खरंच जळला असेल तर पातेलं घासून नव्या तेलात पुढचं सुरू करा, कारण तो कडूपणा नंतर कशानेही जात नाही.

त्याच पातेल्यात आच मध्यम करून लोणी आणि चिरलेला कांदा, सेलरी किंवा पात. चिमूटभर मीठ. कांद्याला सुटलेल्या पाण्याने तळाचा थर सैल व्हायला लागतो, उलथन्याने खरवडत राहा. आठ मिनिटांत कांदा मऊ, कडेने सोनेरी होईल. लसूण अर्धं मिनिट, टोमॅटो पेस्ट एक मिनिट, तिचा रंग लालावरून विटकरीकडे जाईपर्यंत.

मग मैदा भुरभुरवा आणि दोन मिनिटं परता. मैद्याचा प्रत्येक कण तुपा-तेलात लडबडला की गाठी होत नाहीत. गाठी होतात त्या कोरडा मैदा थेट पाण्यात पडला की. पहिल्यांदा फक्त अर्धी वाटी स्टॉक घाला, तळ स्वच्छ खरवडा, लापशीसारखं घट्ट होईल. मग पुन्हा अर्धी वाटी, मग उरलेला सगळा. या टप्प्याला रस पातळच दिसेल. घाबरून जास्त मैदा घालू नका. मैद्याचा दाटपणा उकळी आल्यावर दिसतो आणि कच्च्या पिठाची चव जायला त्यानंतरही दहा मिनिटं लागतात.

कॉर्नफ्लॉवर मी का टाळायला सांगतो? त्याने रस चकचकीत आणि लिबलिबीत होतो, चायनीज सूपसारखा. शिवाय बराच वेळ उकळलं की तो दाटपणा सुटतो.

उकळी आली की चिकन आणि ताटात जमलेला त्याचा रस आत घाला, तमालपत्र आणि थाइम टाका, झाकण अर्धवट ठेवा. आता आच अशी ठेवा की इथे एक बुडबुडा, थोड्या वेळाने तिथे एक. खदखदायला लागलं की मांसाचे धागे आकसून पाणी बाहेर टाकतात आणि रसात बुडलेलं चिकनही कोरडं लागतं. तुमचा ‘चोथा’ हा याचाच प्रकार, तीन शिट्ट्यांनी झालेला.

भाज्या घालताना घड्याळ लावाच. चिकन गेल्यावर 10 मिनिटांनी बटाटा (3 सेंटीमीटरच्या फोडी), गाजर (2 सेंटीमीटरचे जाड तुकडे) आणि नवलकोल. त्यानंतर 12 मिनिटांनी फरसबी, बोटाच्या दोन पेरांएवढी. आणखी 8 मिनिटांनी मटार, आणि मग 4 मिनिटांत बंद. एकूण 34-35 मिनिटं. तंगडी-मांडीला एवढा वेळ सोसतो. त्यातल्या चिवट पेशीजाळ्याचं हळूहळू जिलेटिन होतं, म्हणून मांस मऊ पडतं आणि रसालाही अंग येतं. छातीच्या मांसात ते जाळं फारसं नसतं. घालायचंच असेल तर 4 सेंटीमीटरचे तुकडे भरभर तांबूस करून बाजूला ठेवा आणि शेवटच्या 8 मिनिटांसाठीच आत सोडा.

एक चूक बरेच जण करतात: स्टू लाल दिसावा म्हणून दोन-तीन टोमॅटो सुरुवातीलाच. आंबटपणात बटाट्याच्या पेशी सुटत नाहीत, त्यामुळे तास झाला तरी फोडी आतून करकरीत राहतात. एक चमचा पेस्टने काही बिघडत नाही. जास्त टोमॅटो हवाच असेल तर बटाटा शिजल्यावर. शेवटी दूध किंवा साय घालणार असाल तर मात्र टोमॅटो नकोच, दूध फाटेल.

मशरूम आवडत असतील तर वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर परतून अगदी शेवटी घाला, नाहीतर ते स्टूत पाणी सोडतात. फ्लॉवर मी घालत नाही. सगळ्या भांड्याला त्याचाच वास येतो.

गॅस बंद केल्यावर मीठ चाखा. मग एक ते दोन टीस्पून लिंबाचा रस. लिंबू कळता कामा नये, फक्त चव उठावदार व्हायला हवी. तरीही काहीतरी कमी वाटलं तर एक टीस्पून सोया सॉस. रंग किंचित गडद होतो, चायनीज वास येत नाही. दहा मिनिटं झाकून ठेवलं की रस आणखी दाटतो, तेव्हा पळीतून सलग धारेत न पडता थोडा अडखळत पडेल इतपत दाट ठेवा.

इतकं करूनही पातळ वाटला तर बटाट्याच्या चार-पाच फोडी पातेल्याच्या कडेला दाबून मोडा आणि ढवळा. तेवढ्याने भागलं नाही तर एक टेबलस्पून लोणी आणि तेवढाच मैदा बोटांनी मळून त्याच्या गोळ्या एकेक करून सोडा, पाच मिनिटं उकळू द्या. खारट झाला तर ‘एक बटाटा टाका, मीठ शोषून घेतो’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. बटाटा खारं पाणी पितो, मीठ वेगळं निवडून घेत नाही. बिनमिठाचा स्टॉक वाढवणं हाच उपाय, त्यासोबत बटाटा चालेल. आणि तळाला लागला तर ढवळू नका, वरचा भाग अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या.

ही सगळी वेळ ब्रॉयलर कोंबडीची आहे, जी जेमतेम सहा आठवड्यांची असते. गावरान असेल तर गणित बदलतं. परतणं, कांदा, स्टॉक तसंच, पण मैदा न घालता चिकन आधी एकटंच मंद आचेवर तासभर ते दीड तास, किंवा कुकरमध्ये शिट्टीनंतर बारीक आचेवर 20 मिनिटं. मैदा आधी घातलात तर कुकरच्या तळाला हमखास लागतो. मांस हाडापासून सुटायला लागलं की मग भाज्या, उघड्या पातेल्यात, आणि वरच्यासारख्याच लोणी-मैद्याच्या गोळ्यांनी दाट करा. इथे त्या तिप्पट लागतील.

सोबत लादी पाव चालतो, कडक ब्रून जास्त चांगला, गोव्यात असाल तर पोई. उरलेला स्टू दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि तीन दिवसांत संपला पाहिजे. गोठवायचा असेल तर बटाटा काढून. वितळल्यावर तो रवाळ, पाणचट होतो. दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर स्टू जेलीसारखा थरथरत असेल तर तो बिघडलेला नाही, ते हाडांचं आणि पायांचं जिलेटिन आहे. दोन-तीन टेबलस्पून पाणी घालून मंद आचेवर सैल करा आणि एकदा पूर्ण उकळी येऊ द्या.