टीएम६ चालू असताना टीएम७ घ्यावा का? मराठी स्वयंपाकाच्या बाजूने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत राहता, घरात तीन माणसं, थर्मोमिक्स या वाटणाऱ्या-शिजवणाऱ्या यंत्राचा टीएम६ चार वर्षं वापरात आहे आणि नीट चालतोय. त्याचं नवं मॉडेल टीएम७ मनात भरलंय. पुरण, इडली, कणीक, वरण-आमटी या रोजच्या कामांत त्याने खरंच फरक पडेल का? आणि पडणार नसेल तर १,५४९ युरो का घालायचे?

उत्तर आधी सांगतो. टीएम६ ठणठणीत असेल तर बदलू नका. पहिल्यांदाच घेणाऱ्याने मात्र टीएम७च बघावा. असं का, हे समजायला जाहिरातीतली यादी बाजूला ठेवून आपल्या स्वयंपाकाच्या बाजूने बघावं लागतं.

टीएम६ २०१९ मध्ये आला, टीएम७ २०२५ मध्ये. नव्यात १० इंची पडदा आहे, पुढची गोल खुंटी गेली, मोटर शांत झाली, भांड्याला बाहेरून उष्णतारोधक आवरण आलं, वाफवण्याचा वरोमा (यंत्रावर बसणारा ट्रे) कंपनीच्या म्हणण्यानुसार ४५ टक्के मोठा झाला आणि झाकण न लावता १०० अंशांपर्यंत शिजवता येऊ लागलं. जे बदललं नाही ते असं: भांडं २.२ लिटरचंच आहे, तापमानाची वरची मर्यादा १६० अंशच आहे, आणि प्रेशर आधीही नव्हतं, आताही नाही. मराठी घराचा निकाल या न बदललेल्या तीन गोष्टींवरच लागतो.

फोडणीपासून सुरुवात करू. मोहरी नीट तडतडायला तेल साधारण १७० अंशांच्या पुढे जावं लागतं. टीएम६वर हाताने तापमान निवडलं तर १२०च्या वर जाता येत नाही. १६० फक्त ठरावीक मोडमध्ये आणि रेसिपींमध्ये मिळतं. शिवाय भांड्याचा तळ सपाट नाही, मध्ये पाती आहेत. दोन चमचे तेल पात्यांभोवती पसरतं आणि मोहरी त्यात बुडतच नाही. अर्धी मोहरी तडतडते, अर्धी कच्ची राहून आमटीत कडवट लागते. टीएम७च्या उघड्या शिजवण्याने यात काही सुधारत नाही, कारण तिथली मर्यादा १०० अंशच आहे. फोडणी पळीतच करायची आणि वरून ओतायची. ती यंत्रातच व्हायला हवी असा हट्ट असेल, तर २०० अंशांपर्यंत तापणारा बॉशचा कुकिट बघा. त्याचं भांडंही ३ लिटरचं आहे.

आता डाळी. तूरडाळ २०० ग्रॅम, अर्धा तास भिजवलेली, ८०० ग्रॅम पाणी, चमचाभर तेल आणि हळद, १०० अंश, उलटी फिरकी (पाती उलटी फिरतात, डाळ कापली जात नाही), वेग १. तीस-पस्तीस मिनिटांत शिजते; मग वेग ४वर दहा सेकंद फिरवलं की वरण घोटलं जातं. तेल विसरलात तर फेस झाकणाच्या भोकातून वर येतो. छोले-राजमा रात्रभर भिजवूनही तास-दीड तास घेतात. राजमा तर स्लो कुक मोडमध्ये कच्चा कधीच टाकू नका. त्यातलं विषारी लेक्टिन कमी तापमानाला नष्ट होत नाही. भिजवलेलं पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळावाच लागतो. म्हणजे कुकर घरात राहणारच, मॉडेल कुठलंही घ्या.

उघडं शिजवणं कामाचं वाटतं ते आटवण्यासाठी: बासुंदी, पुरण, रस्सा घट्ट करणं. इथे थोडं गणित करायला हवं. वरोमा वापरणाऱ्यांना ठाऊक असलेला हिशोब असा की, पूर्ण वाफेवर १५ मिनिटांत साधारण २५० ग्रॅम पाणी उडतं, म्हणजे तासाला लिटरभर. सव्वा लिटर दूध निम्म्यावर आणायचं तर ६२५ ग्रॅम पाणी उडवायचं, म्हणजे पूर्ण वाफेवरही अडतीस मिनिटं. पण १०० अंशांवर हीटर उकळबिंदूजवळ थांबत-थांबत चालतो, त्यामुळे वेळ आणखी वाढतो. झाकण काढल्याने वाफ अडत नाही हे खरं, पण पाणी उडण्याचा वेग ठरतो तो आत किती उष्णता जातेय त्यावर. रुंद कढईत मोठ्या आचेवर बासुंदी यापेक्षा लवकर होते. यंत्राचा फायदा इतकाच की ढवळत उभं राहावं लागत नाही. टीएम६वर हेच काम झाकणाच्या भोकातला मापाचा पेला काढून आणि भोकावर जाळीची टोपली ठेवून होतं. वाफ जाते, शिंतोडे अडतात.

पुरणाचं माप कसोशीने पाळावं लागतं. ३०० ग्रॅम हरभरा डाळ चार तास भिजवा, १०० अंशांवर उलट्या फिरकीने शिजवा, ४० मिनिटांनी डाळ बोटात दाबून बघा. कट पूर्ण गाळून घ्या. नंतर गूळ ३०० ग्रॅम. गूळ विरघळून पुरण पातळ होतं, आणि पुन्हा घट्ट होऊ लागलं की अडचण सुरू होते: पाती मध्ये पोकळी करून नुसतीच फिरतात, पुरण भिंतीला चिकटून तसंच राहतं आणि तळाला लागतं. दर चार मिनिटांनी थांबवून उलथन्याने कडा खाली ओढाव्या लागतात. टीएम७मध्ये झाकण न लावता शिजवता येत असल्याने हे सोपं जातं, आणि मला वाटतं आपल्या स्वयंपाकात नव्या सोयीचा खरा उपयोग होतो तो इथेच. पण घट्ट पुरणाचे बुडबुडे फुटून हातावर उडतात. उलथनं लांब दांड्याचंच घ्या. वाटण शेवटी, वेग ७वर अर्धं मिनिट. ३५० ग्रॅमपेक्षा जास्त डाळ घेऊ नका.

इडलीत दोन चुका नेहमी होतात. पहिली: वाटताना पीठ तापतं. १५० ग्रॅम उडीद डाळ २५० ग्रॅम फ्रिजमधल्या पाण्यात वेग १०वर एक मिनिट, मग दोन मिनिटं थांबा, पुन्हा एक मिनिट. भांडं बाहेरून हाताला गरम लागलं तर थांबाच, कारण तापलेलं पीठ नीट फुगत नाही. तांदूळ ४५० ग्रॅम, वेगळा वाटायचा. दुसरी चूक: सगळं पीठ यंत्रातच आंबवायला ठेवणं. या मापाने पीठ सव्वा लिटरच्या पुढे जातं, दुप्पट फुगलं की झाकणातून बाहेर येतं आणि पात्यांच्या खालच्या फटीत वाळून बसतं. एका वेळी लिटरभरच ठेवा. जर्मनीतल्या थंडीत ३७ अंशांचा आंबवण्याचा मोड फार कामाचा, पण तो टीएम६मध्येही आहे. उरलेलं पीठ ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा.

इडल्या वाफवताना मोठ्या वरोमाचा फायदा खरा आहे. नेहमीचा उभा इडलीस्टँड बसत नाही, सुट्या वाट्या लावाव्या लागतात, आणि जागा वाढली की एका घाण्यात जास्त वाट्या बसतात. अळूवडी, कोथिंबीर वडी, मोदक यांनाही तेच. तुमच्याकडे आठवड्यातून तीनदा वाफवणं असेल तर बदलण्याचं हे एकच पटण्यासारखं कारण. मात्र यंत्र वरच्या कपाटाखाली ठेवून वाफवू नका. लाकडी फळी फुगते.

कणकेत तसूभरही फरक नाही. आटा ५०० ग्रॅम, पाणी ३०० ते ३२० ग्रॅम, दोन मिनिटं, मग वीस मिनिटं झाकून ठेवायची. ७०० ग्रॅम भरलीत तर मोटर धापा टाकते आणि यंत्र ओट्यावर सरकत कडेला येतं, तेव्हा मळताना तिथून हलू नका. पिठाने भरलेल्या हाताने टीएम६ची खुंटी फिरवता येते; टीएम७मध्ये काचेलाच हात लावावा लागतो, आधी बोट पुसावं लागतं. रोज कणीक मळणाऱ्याला हे जाणवतं. दाण्याच्या कुटाला टर्बो अर्ध्या सेकंदाचे तीन-चार झटके, बस; पुढे गेलात की पीनट बटर. आणि मोटर शांत झाली तरी दाणे आणि सुकं खोबरं पात्यावर आपटतात त्याचा आवाज तेवढाच राहतो.

खर्चात तीन गोष्टी धरा. कुकिडूची (थर्मोमिक्सच्या ऑनलाइन रेसिपींची) वर्गणी वर्षाला साधारण ६० युरो, ती तुम्ही आजही भरताच. टीएम६चं जास्तीचं भांडं टीएम७ला चालत नाही, म्हणजे ते विकावं लागेल. भारतात नेणार असाल तर वीज २३० व्होल्टच आहे, पण प्लग तिथल्या सॉकेटला बसेलच असं नाही, आणि वॉरंटी तिकडे लागू होईल का हे लेखी विचारून घ्या.

त्याऐवजी टीएम६वर थोडा खर्च करा. झाकणाचं रबरी कडं नवं आणा आणि गोडासाठी वेगळं ठेवा, म्हणजे श्रीखंडाला हिंगाचा वास येणार नाही. हळदीने पिवळा झालेला वरोमा दोन दिवस उन्हात ठेवा, रंग बराच उतरतो. वजन चुकीचं दाखवत असेल तर वायर पायाखाली अडकली आहे का, वरोमा भिंतीला टेकतोय का हे आधी बघा. काटा बिघडल्याच्या तक्रारींमागे पुष्कळदा एवढंच असतं.

तरीही नवा बघायचाच असेल तर कंपनीच्या प्रतिनिधीला घरी प्रात्यक्षिकाला बोलवा, आणि त्यांचं सूप आणि ब्रेड बघून ठरवू नका. घरी झालेल्या खरेदीला जर्मन कायद्याने १४ दिवसांत करार मागे घेता येतो, पण भरपूर वापरलेल्या यंत्राची घट ते पैशांतून कापू शकतात. म्हणून परीक्षा त्या दिवशीच घ्या. ३०० ग्रॅम हरभरा डाळ सकाळीच भिजत घाला आणि पुरण घट्ट होईपर्यंत यंत्र त्यांनाच चालवू द्या.