ऑर्किडच्या संकराबद्दल थोडं

प्रश्न : डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस आमच्या गॅलरीत एकदमच फुललेत. संकर करून बघू का? (कारेलीबाग)

नका, फूल फुकट जाईल. दोघं नर्सरीत एकाच टेबलावर बसतात, तेवढीच ओळख. वेगळ्या प्रजातींची (म्हणजे जीनसची) सोयरीक जुळते ती एकाच गोतावळ्यात. फॅलेनॉप्सिसला वांडा चालतो, वांडाला अरॅक्निस (त्यांचा संकर 'अरांडा'). पाटीवरच्या नावांवर मात्र फार विसंबू नका. अ‍ॅस्कोसेंट्रम आता वांडातच धरतात, त्यामुळे जुने 'अ‍ॅस्कोसेंडा' आज नुसते वांडा झालेत.

प्रश्न : वांडा आणि सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस ऑर्किड) यांचा संकर करायचाय. पराग कुणाचे घ्यायचे? (मांजलपूर)

वांडाचे. सीतेच्या वेणीचं फूल लहान. लहान फुलाच्या परागनलिकेला मोठ्या फुलात बीजांडांपर्यंत पोचणं पुष्कळदा झेपत नाही, म्हणून लहान फुलाला आई करायचं. वेणी उन्हाळ्याच्या शेवटी फुलते. वांडा आधी फुलला तर त्याचे परागपिंड (परागांच्या गोळ्या) कागदाच्या पुडीत, कोरड्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा.

आपल्याकडे मे महिन्यात अगाशीवर दुपारी काही करू नये, सकाळीच उरका. टूथपिकच्या टोकाने वांडाच्या फुलाच्या मधोमध असलेल्या छोट्या खांबावरची टोपी उचला, की पिवळे परागपिंड टोकाला चिकटून येतात. वेणीच्या फुलाचे स्वतःचे पिंड आधी काढून टाका. मग वांडाचे पिंड टोपीच्या खालच्या चिकट खळग्यात दाबा. एक-दोन दिवसांत पाकळ्या मलूल झाल्या तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण. चिठ्ठी लगेच बांधा : आधी आईचं नाव, मग बापाचं, खाली तारीख.

प्रश्न : शेंग धरली, पिकली, बी कोकोपीटवर पेरलं. काहीच उगवलं नाही. (दांडिया बाजार)

उगवणारच नव्हतं. ऑर्किडचं बी म्हणजे निव्वळ भुकटी, त्यात अन्नसाठा नसतो. रानात एक बुरशी त्याला पोसते. साखर घातलेल्या अगारवर (समुद्रशेवाळाच्या जेलीवर) बुरशीशिवायही बी रुजतं, हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ नडसन यांनी १९२२ साली दाखवलं. आजही बाटलीतच पेरतात. पुढच्या वेळी शेंग फुटायच्या आत, हिरवी असतानाच टिश्यू कल्चर लॅबला द्या. आत नुसता भुसा निघायचीही तयारी ठेवा, वेगळ्या प्रजातींच्या संकरात ते नेहमीचंच. रोप झालं तरी फुलायला चार-पाच वर्षं सहज जातात.

प्रश्न : मोकाराला शेंगच धरत नाही. (रावपुरा)

मोकारा म्हणजे अरॅक्निस, अ‍ॅस्कोसेंट्रम आणि वांडा यांची खिचडी. अशा झाडांत गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत, त्यामुळे बरीचशी वांझ निघतात. फुलं मात्र भरपूर देतील. ती फुलदाणीत ठेवा.