सीझन बंद असला की सायकलवाल्यांच्या डोक्यात भलतेच विचार का येतात?

तुम्ही विचारलंय, दोन महिने सायकल बंद असली की डोक्यात विचित्र विचार फिरतात, हे फक्त तुमचंच होतं की सगळ्यांचं? माझंही होतं.

मी धुळ्याचा. आमचा बंद सीझन थंडीत नसतो, उन्हाळ्यात असतो. मे महिन्यात पारा 43-44 वर जातो, सकाळी आठलाच डांबर तापतं. लांबच्या राइड बंद होतात आणि विचार सुरू होतात.

एसटीने मालेगावकडे निघालो की लळिंगचा घाट लागतो. ड्रायव्हरने गिअर खाली टाकला की माझ्या मांड्या आपोआप आवळतात. चढ कुठे सुरू होतो, मध्ये दम घ्यायला जागा कुठे आहे, हे डोळे मिटूनही कळतं. गाडीने त्या रस्त्याने कितीदा गेलो असेन, पण त्याचा चढ मला सायकलनेच शिकवला. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या दिसल्या की आधी त्यांची तोंडं बघतो. पवनचक्की वाऱ्याकडे तोंड करून उभी असते. म्हणजे आज त्या दिशेला निघालो असतो तर वारा छातीवर आला असता.

मग हिशेब सुरू होतात. पुढच्या दातेरी चक्रीला 50 दाते, मागच्या चक्रीला 25, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाक दोनदा फिरतं. चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर, म्हणून फेऱ्यामागे 4.2 मीटर. शिरपूर इथून सुमारे 50 किलोमीटर, म्हणजे जवळपास 12 हजार फेरे. 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत संपवायची असते, तिचे 47 हजारांवर होतात. गच्चीवर पडल्या पडल्या हे मोजताना मला खरंच बरं वाटतं, कारण एवढे फेरे याच पायांनी मारलेत.

परवा रात्री सायकल उलटी करून पुढचं चाक फिरवत बसलो होतो. चाक थांबत आलं की एकदम थांबत नाही. थोडं मागे येतं, पुन्हा पुढे जातं, पाळण्यासारखं झुलतं आणि जड बाजू खाली घेऊन स्थिरावतं. माझ्या चाकात ती व्हॉल्व्हची बाजू आहे. पण त्या रात्री ते झुललंच नाही, वाटेल तिथे थांबलं. बोटाला बारीक खरखर लागली. दारातून माय म्हणाली, "काय व्हयनं रे तुले?" हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडला तर बेअरिंगमधलं ग्रीस वाळून काळं पडलेलं. तो खुळा विचार आला नसता, तर पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच लांब राइडला हब गेला असता.

म्हणून असे विचार दाबू नका. फक्त एक विचार ऐकू नका: "एवढं काय ऊन, जाऊन तर बघू." दोन वर्षांपूर्वी मी तो ऐकला आणि अकरा वाजता निघालो. सोनगीरच्या अलीकडे अंगावर काटा आला, घाम थांबला. एका रसवंतीवाल्या मावशीने सावलीत बसवून डोक्यावर माठाचं पाणी ओतलं, म्हणून निभावलं. शरीराला उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात, तेही रोज थोडं थोडं वाढवत नेलं तर.

आणि "सगळी मेहनत वाया गेली" हा विचार येत असेल, तर तो अर्धाच खरा आहे. सायकल सोडल्यावर पहिल्या काही दिवसांतच रक्तातलं पाणी कमी होतं, त्यामुळे त्याच वेगाला नाडी जास्त पळते. हे सगळ्यांत आधी जातं आणि सगळ्यांत आधी परतही येतं. मांड्यांची ताकद त्याहून बराच काळ टिकते. पहिल्या आठवड्यात नाडीचा आकडा बघून घाबरू नका, नाडी मोजणारं घड्याळ घरीच ठेवा.

मी सध्या पहाटे पाचला निघतो, पांझरेच्या पुलावरून तासभर फिरून ऊन चढायच्या आत परततो. ग्रीस भरल्यापासून चाक पुन्हा झुलतंय.