टंचाईत पाणी आधी कुणाला? कोलोरॅडोत तारीख, आपल्याकडे टेल

तुमचा प्रश्न असा: भाचा कोलोरॅडोत असतो, तिथं पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा विकला जातो आणि टंचाईत 'जुना' हक्कदार आधी घेतो म्हणतो, हे खरं का? आणि नाशकात कसं?

खरं आहे. तिथं नदीकाठी जमीन असून भागत नाही. ज्यानं आधी पाट काढून पाणी वापरात आणलं, त्याचा हक्क पहिला. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानं १८८२ साली यावर शिक्कामोर्तब केलं. नदी आटली की कात्री नव्या तारखेपासून लागते: १८७० वाल्याला पुरं पाणी, १९१० वाल्याला थेंब नाही, मग शेतात काहीही उभं असो. हक्क विकता येतो, पण कोर्टाची मंजुरी लागते, इतर हक्कदारांचं नुकसान होता कामा नये. आणि वर्षानुवर्षं वापरला नाही तर तो जाऊही शकतो.

आपल्याकडे तारीख कुणी विचारत नाही. धरणाचं पाणी सरकारचं, आपल्याला मिळते ती वापरायची परवानगी. आधी पिण्याचं, मग शेती, मग उद्योग. (२००३ च्या जलनीतीत उद्योग शेतीच्या वर होता, २०११ मध्ये तो खाली आला.) आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, किती ते कालवा सल्लागार समितीत ठरतं, मग नमुना ७ हा पाणी मागणीचा अर्ज भरायचा, शेजपाळी, म्हणजे शेतागणिक पाण्याची पाळी, लागायची. नियम टेलकडून हेडकडे, म्हणजे शेवटच्या माणसाचं रान आधी भिजलं पाहिजे. गोदावरीच्या खोऱ्याचंही तसंच: १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं.

हे झालं कागदावर. माझी शेती येवल्याकडं, पालखेडच्या डाव्या कालव्याच्या टेलला. एकदा आवर्तनाच्या तिसऱ्या रात्रीही चारी (कालव्यातून शेताकडे येणारा छोटा पाट) कोरडीच, म्हणून बॅटरी घेऊन वर चालत गेलो. एका ठिकाणी हंडा भरताना येतो तसा आवाज. बाभळीच्या काट्या सारल्या तर खाली डोंगळा, म्हणजे चारीतलं पाणी चोरून ओढायचा पाइप, वर ओलं गोणपाट. पलीकडं कांद्याचं रान भिजत होतं आणि ते निघालं आमच्या व्याह्यांचं. ओढून काढायची हिंमत झाली नाही. सकाळी फोन केला, "व्याही, तुमचं गोणपाट चारीत सरकलंय, बघा जरा." दुपारी आमच्याकडं पाणी आलं. अशा वेळी अर्ज कुणाकडं करणार?

म्हणून मला या दोन्हींपेक्षा बागलाणातली फड पद्धत शहाणी वाटते. मोसम-आरम नद्यांच्या बंधाऱ्यांवर गावाची बागाईत जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक. पाणी कमी असलं तर त्या साली फडच कमी भिजवायचे. बहुतेकांचे तुकडे निरनिराळ्या फडांत, त्यामुळे प्रत्येकाचं थोडं भिजतं आणि प्रत्येकाचं थोडं कोरडं राहतं. कोलोरॅडोतल्या नव्या तारखेवाल्यासारखा कुणी एकटा पुरता बुडत नाही. शिवाय शेतकऱ्यानं पाण्याला स्वतः हात लावायचा नाही, गावानं ठेवलेला बारेकरी रान भरतो. डोंगळा टाकायचा तर आधी त्यालाच फोडावं लागेल!

वर हरणबारी, केळझरसारखी धरणं झाली, विहिरी वाढल्या, तशी फड पद्धत बऱ्याच ठिकाणी मोडत आली. आमच्या चारीवर बारेकरी कधी नव्हताच. पुढच्या आवर्तनाला पुन्हा बॅटरी चार्ज करून ठेवायची.