वाचक विचारतात : कार्ले-भाजे, गाडी आणि जाणकार

ठाणे-नवी मुंबईकरांना कार्ल्याचा रस्ता पाठ असतो तो एकवीरा आईमुळे. देवळाच्या अगदी शेजारी असलेले चैत्यगृह, म्हणजे खडकात कोरलेले बौद्ध प्रार्थनागृह, मात्र घाईत पाहिले जाते किंवा राहूनच जाते. या अंकासाठी आलेल्या पत्रांत अनेकांना स्वतःची गाडी आणि गाइड ठरवून एक दिवस खास लेण्यांसाठी काढायचा आहे. त्यातली काही पत्रे येथे घेतली आहेत.

आम्ही सहाजण आहोत : सासू-सासरे, आम्ही दोघे आणि ९ व १३ वर्षांची मुले. एका दिवसात कार्ले आणि भाजे दोन्ही करायचे आहे. सगळे सांगतात, आधी कार्ले करा, तेच मोठे आहे. क्रम कसा ठेवावा? — ऐरोली

क्रम उलटा ठेवा. सकाळी भाजे, दुपारनंतर कार्ले. कारण उजेडाचे आहे.

दोन्ही चैत्यगृहांची तोंडे पश्चिमेकडे आहेत. भाज्याचा दर्शनी भाग मुळात लाकडाचा होता. तो कधीच नाहीसा झाला. आता तो बसवण्यासाठी खडकात पाडलेली खाचभोके तेवढी दिसतात. त्यामुळे भाज्याचे चैत्यगृह सताड उघडे आहे आणि सकाळच्या मवाळ उजेडातही आतपर्यंत नीट दिसते. डोंगर पाठीशी असल्याने सकाळी पायऱ्यांवर सावली असते, ते वेगळेच. कार्ल्यात मात्र समोर दगडाचीच भिंत कोरलेली आहे. तिथे सकाळी आत काळोख असतो. दुपार उतरू लागली की दारावरच्या नालाकृती गवाक्षातून उजेड आत येतो, खांबांच्या ओळींमधून पुढे सरकतो आणि स्तूप उजळतो. ज्यांनी ते चैत्यगृह कोरले त्यांनी हा उजेड धरूनच ते कोरले आहे. सकाळी दहाला जाऊन मोबाइलच्या बॅटरीवर पाहिलेले कार्ले म्हणजे अर्धे कार्ले.

वेळ अशी बसते. ऐरोलीहून सव्वासहाला निघा. कळंबोलीहून द्रुतगती मार्ग, लोणावळ्याला बाहेर पडून जुना महामार्ग, तिथून मळवलीमार्गे भाजे. चहा-नाश्ता धरून नऊला पायथ्याशी पोचता. लेणी उघडण्याची वेळही नऊचीच आहे. भाज्यात सव्वादोन तास द्या. साडेअकरा-पावणेबाराला कार्ला फाट्याच्या बाजूला या, जेवा आणि ज्येष्ठांना तासभर टेकू द्या. दीडच्या सुमारास वर जायला निघा, म्हणजे अडीचपासून चारपर्यंतचा वेळ चैत्यगृहाला मिळतो. पाचला लेणी बंद होतात. शेवटचा अर्धा तास पहारेकऱ्यांच्या शिट्ट्यांत जातो, तो हिशेबात धरू नका.

सासू-सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना दोन्हीकडे चढवू नका. कार्ल्याला पायथ्यापासून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण गाडी अर्ध्या वाटेपर्यंत वर जाते आणि पायऱ्यांच्या कडेला हार-पेढ्यांची दुकाने असल्याने टेकायला जागा मिळते. भाज्याला तशी सोय नाही. म्हणून भाज्याच्या वेळेत त्यांना खाली गावात बसू द्या आणि त्यांची ताकद कार्ल्यासाठी राखा. गुडघ्यांना त्रास चढताना कमी, उतरताना जास्त होतो. काठी वर जाताना नको वाटली तरी सोबत घ्या.

तिकीट पुरातत्त्व खात्याचे, भारतीयांना दर ठिकाणी २५ रुपये. १५ वर्षांखालील मुलांना लागत नाही. १३ वर्षांच्या मुलाचे ओळखपत्र जवळ असू द्या.

मागच्या वेळी केलेल्या गाइडने तासभर पांडवांच्या गोष्टी सांगितल्या. चांगला जाणकार कसा ओळखावा? त्याच्याशी आधी काय ठरवून घ्यावे? — नौपाडा, ठाणे

लेण्यांवर ऐनवेळी कोणी भेटेल या भरवशावर जाऊ नका. पर्यटन मंत्रालयाची मान्यता असलेल्या गाइडकडे ओळखपत्र असते, ते मागायला संकोच नको. पण लेण्यांसाठी ओळखपत्राइतकाच विषयाचा अभ्यास महत्त्वाचा. प्राचीन भारतीय इतिहास, पुरातत्त्व किंवा पाली शिकलेली बरीच मंडळी मुंबई-पुण्यात असे दिवस घेतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात पुरातत्त्व शिकलेल्यांकडे चौकशी केली तर नावे मिळतात.

फोनवर तीन प्रश्न विचारा. उत्तरांवरून माणूस कळतो.

पहिला : कार्ल्याच्या खांबांवर कोणाची नावे आहेत? जाणकार लगेच सांगेल की ती दात्यांची आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचे बरेच आहेत, त्यांत स्वतःला ‘यवन’, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडचे परदेशी, म्हणवणारेही आहेत. एका खांबाचा दाता सोपाऱ्याचा आहे, सातिमित नावाचा, धर्मवचने म्हणून दाखवणारा भाणक. हे सोपारे म्हणजे आपले नालासोपाऱ्याजवळचे, पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेले. ठाण्याच्या माणसाला हा खांब दाखवल्याशिवाय खाली उतरवू नये.

दुसरा : छतातल्या लाकडी कमानी कशासाठी आहेत? ‘छत तोलण्यासाठी’ असे उत्तर आले तर दुसरा माणूस शोधा. अखंड खडकाला लाकडाचा आधार लागत नाही. आधीची चैत्यगृहे लाकडाची बांधली जात, त्यांचे रूप दगडात उतरवताना कमानीही ठेवल्या गेल्या. कार्ल्यातल्या या कमानी आणि स्तूपावरची लाकडी छत्री मूळच्या आहेत. हीच गोष्ट भाज्यात खांबांवरून कळते. तिथले २७ अष्टकोनी खांब आत झुकलेले आहेत. लाकडी छताचा रेटा खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार खांब तिरके रोवत. कोरणाऱ्यांनी दगडात गरज नसताना तो कल तसाच ठेवला. मुलांना खांबाच्या शेजारी सरळ उभे करा, कल लगेच डोळ्यांत भरतो.

तिसरा : भाज्याच्या विहारातले, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या लेण्यातले, रथाचे आणि हत्तीचे शिल्प कोणाचे? बहुतेक पुस्तकांत सूर्य आणि इंद्र असे दिलेले असते, पण त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. जो दोन्ही बाजू सांगतो त्याच्यासोबत जा. याच विहारात नाचणारी स्त्री आणि तिच्या जवळ तबल्यासारखी वाद्यजोडी वाजवणारी स्त्री कोरलेली आहे. जाळीचे दार बंद असेल तर पहारेकऱ्याला विनंती करावी लागते. गाइड नेहमी येणारा असेल तर ते सोपे जाते.

पांडवांच्या गोष्टीचा राग नको. गावोगाव लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणतात आणि ती लोकपरंपराही सांगण्यासारखी आहे. चूक होते ती तिच्यापाशीच थांबल्याने. कार्ल्याच्या ओसरीत डाव्या टोकाला ब्राह्मी लिपीत कोरले आहे : ‘वेजयंतितो सेठिना भूतपालेन सेलघरं परिनिठपितं जंबुदिपम्हि उतमं’. वैजयंतीच्या भूतपाल शेठींनी जंबुद्वीपात उत्तम असे शैलघर पुरे केले. वैजयंती म्हणजे बहुतेकांच्या मते कर्नाटकातले बनवासी. ‘सेठी’ आणि ‘घर’ हे शब्द मराठी माणसाला भाषांतराशिवाय कळतात. ज्यांनी पैसे दिले त्यांची नावे भिंतीवर असताना श्रेय दुसऱ्याला देणे बरोबर नाही.

ठरवताना या गोष्टी व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या : भाषा मराठी, एकूण किती माणसे, मानधन अर्ध्या दिवसाचे की पूर्ण दिवसाचे, तास कुठून मोजायचे, जेवण कोणाचे, आणि आदल्या दिवशी रद्द झाल्यास किती द्यायचे. भांडण बहुतेकदा तासांवरून होते. गाइड पुण्याहून येणार असेल तर त्याला भाज्याच्या पायथ्याशीच भेटायला सांगा; मुंबईचा गाइड तुमच्या गाडीत ठाण्यापासून बसला तर प्रवासाचे चार-पाच तास तो धरणारच, आणि ते रास्तही आहे.

खारघरहून जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरही होत नाहीत. गाडीवाला ३०० किलोमीटरचे पैसे मागतो. फसवणूक आहे का? — खारघर

फसवणूक नाही, पण घासाघीस करता येते. शहराबाहेरच्या भाड्याला दिवसाचे किमान किलोमीटर धरतात, कुठे २५०, कुठे ३००. त्याहून कमी फिरलात तरी आकारणी तेवढ्याचीच. शिवाय मीटर तुमच्या दारात नव्हे तर गॅरेजमधून सुटते आणि गॅरेजात थांबते. म्हणून गाडी पनवेल-खारघर भागातलीच घ्या आणि २५० च्या किमान अंतरावर ठरवा. टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि रात्री उशीर झाल्यास लागणारा जादा आकार भाड्यात धरला आहे की वेगळा, हे चारही स्वतंत्र विचारा. ‘सगळे धरून’ या शब्दावर विसंबू नका.

पिवळ्या पाटीचीच गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण भाड्याने नेताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

किमान किलोमीटरचे पैसे भरणारच असाल तर त्यांचा उपयोग करून घ्या. पाय चांगले असलेल्यांनी भाज्याऐवजी सकाळी कामशेतमार्गे बेडशाची लेणी करावीत. बेडशाचे तोंड पूर्वेला आहे, तिथे सकाळचेच ऊन लागते. चढ मात्र चांगला दमवतो. तिन्ही एका दिवसात करू नका, तिसऱ्या ठिकाणी कोणी वर बघत नाही.

आमच्या सोसायटीतले २२ जण आहोत. एकच गाइड पुरेल का? — घोडबंदर रोड

पुरणार नाही. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे, आवाज इतका घुमतो की मागच्यांना एक शब्द कळत नाही. दोन गाइड घेऊन अकरा-अकराचे गट करा; एक गट आत, दुसरा बाहेर सिंहस्तंभापाशी, म्हणजे चैत्यगृहासमोरच्या सिंहांच्या खांबापाशी. एकच गाइड मिळाला तर इतिहास ओसरीत बसून ऐका आणि आत गेल्यावर त्याला फक्त दाखवायला सांगा. बावीस जणांना एक बस करण्यापेक्षा दोन टेम्पो ट्रॅव्हलर बऱ्या, कारण कार्ल्याच्या वळणाच्या रस्त्यावर मोठी गाडी नेणे त्रासाचे. दोन्ही चालकांना एकमेकांचे नंबर द्या.

पावसाळ्यात जावे का? — नेरुळ

शनिवार-रविवारी मुळीच नाही. भाज्याच्या धबधब्यासाठी आलेली गर्दी रस्त्यातच अडवते आणि पायऱ्यांवर शेवाळ असते. मधल्या वारी, पाऊस उघडलेला पाहून जायला हरकत नाही, पण कार्ल्याच्या उजेडाची आशा सोडून जा. उत्तम काळ नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी.

आम्ही दरवर्षी कुटुंबासह एकवीरेला येतो. यंदा दर्शनाच्या दिवशीच आईबाबांना लेणीही नीट दाखवायची आहेत. जमेल का? — घणसोली

जमेल, वार मात्र बदलावा लागेल. रविवार, मंगळवार, नवरात्र आणि चैत्रातली यात्रा या दिवसांत ओसरीपर्यंत रांग असते आणि गाइडचे बोलणे ढोल-ताशात बुडते. बुधवार किंवा गुरुवार धरा. तुमच्यासाठी वरचा क्रम थोडा मोडू : भाजे सोडून द्या, घणसोलीहून साडेनऊला निघा, जेवण खाली करून एकला वर पोचा. आधी दर्शन घ्या, म्हणजे मन आणि हात दोन्ही मोकळे होतात, ओटीचे सामान घेऊन लेण्यात फिरावे लागत नाही. गाइडला दोनची वेळ द्या आणि भेटीची जागा सिंहस्तंभ सांगा. लेण्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर तो डावीकडे आहे, देऊळ उजवीकडे. सोळा बाजूंच्या या खांबाच्या माथ्यावर चार सिंह आहेत आणि तो महारठी (त्या काळची अधिकाराची पदवी) अग्निमित्रणकाने दिल्याचा लेख त्यावर आहे. देऊळ आहे त्या जागी याचा जोडीदार खांब असावा, असे मानतात.

आत गेल्यावर आईबाबांना स्तूपाच्या अलीकडे भिंतीशी टेकून उभे राहू द्या आणि खांबांचे माथे दाखवा : गुडघे टेकलेली हत्तींची जोडी, प्रत्येक हत्तीवर दोन स्वार. प्रत्येक बाजूला असे पंधरा खांब आहेत. स्तूपामागचे सात मात्र साधे अष्टकोनी. माथे उंच असल्याने साधी दुर्बीण फार उपयोगी पडते, चष्म्यातून नुसते आकार दिसतात.

लेखांसाठी बॅटरी घ्या, मोबाइलची नव्हे, हातातली. ती समोरून मारली तर अक्षरे सपाट होऊन नाहीशी होतात. भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा, म्हणजे प्रत्येक खोदरेषेत सावली बसते आणि ब्राह्मीतला ‘क’ अधिकाच्या चिन्हासारखा उठून दिसतो. अक्षर वाचण्यासाठी खडू, पावडर किंवा पाणी लावू नये, बोटही फिरवू नये. घामाने दगड काळवंडतो. ट्रायपॉड आणि ड्रोन परवानगीशिवाय चालत नाहीत. आग्या मोहोळ कुठे लटकलेले दिसले तर त्या बाजूला उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा, आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की वर दगड भिरकवायचा नाही.