पुस्तकातली पात्रं खऱ्या जगात आली तर? अशी कुठली कादंबरी तुम्हाला भावली?

कॉर्नेलिया फुंके यांची ‘इंकहार्ट’. मूळ जर्मन, २००३ सालची. मी इंग्रजीतून वाचली, अप्पा बळवंत चौकातून आणलेली जुनी प्रत, पहिल्या पानावर कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा.

त्यातला मो मोठ्याने वाचू लागला की पात्रं बाहेर येतात. पण फुकट नाही, इकडचं कुणीतरी तिकडे ओढलं जातं. त्याची बायको अशीच गेली, म्हणून तो लेकीला कधी मोठ्याने गोष्ट वाचून दाखवत नाही. बुकबाइंडर माणूस, घरभर पुस्तकं, आणि हे!

खलनायक कॅप्रिकॉर्नला आपलं जग मानवतं, तो मजेत राहतो. मला मात्र त्याच्यासारखाच पुस्तकातून बाहेर आलेला डस्टफिंगर आठवत राहतो. आगीचे खेळ करणारा, सोबत शिंगं असलेला पाळीव प्राणी (आपल्या मुंगसाच्या अंगलटीचा), आणि सतत घरची ओढ. इथे त्या गोष्टीचा लेखकही भेटतो आणि सांगून टाकतो, की गोष्टीत डस्टफिंगर मरतो. तरी गड्याला परतच जायचं असतं. तिथे मी पुस्तक मिटून चहा टाकला.

मग वाटलं, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असा बाहेर आला तर? सायकलवरून फुरसुंगीला निघेल आणि हडपसरच्या ट्रॅफिकमध्येच अडकेल. ‘ट्टॉक्’ करेल, पण हॉर्नमध्ये ऐकणार कोण?